हुद्द्याचा रकाना

मॉर्वेना निवृत्त झाली त्या शुक्रवारी
केक तिनेच कापला, सगळ्यात लहान तुकडा घेतला.
सोमवारी तिची एकशे बारा घरं
माझ्या ट्रेमध्ये.
तिची जागा भरायची नाही, असं वर ठरलंय म्हणे.
"तुला सगळं येतंच की, लोवेना," मॅनेजरबाई म्हणाल्या.
तीन दिवसांचं प्रशिक्षण, गळ्यात नवं कार्ड,
पगार तोच.

येतं, खोटं कशाला बोलू.
अठरा वर्षं तिच्या मागून वजनकाटा वाहिलाय,
तान्ह्यांच्या अंगाला लागू नये म्हणून
मनगटावर घड्याळ बांधायचं सोडलंय कधीचंच.
पण ती ज्यासाठी शिकली होती वर्षानुवर्षं
ते मी शिकले तिच्या पाठीकडे बघून.
आणि मला काय कळत नाही
हे मला आता सांगणार कोण?

कॅम्बोर्नच्या वरच्या अंगाला,
बंद पडलेल्या कथिलाच्या खाणीपलीकडे
केरेन्झाचं घर. जिन्यात ओल.
तिचा जागो, दोन वर्षं एक महिना.
सहा ठोकळ्यांचा मनोरा रचतो का?
रचला. सातवा मुठीत लपवला.
नाक कुठंय? दाखवलं, माझं.
दोन शब्द जोडून बोलतो का?
"आई, ऊठ," तो म्हणाला.

बरोबरची खूण केली मी
आणि पेन तिथंच राहिलं.
आई तर समोर बसलेली होती,
डोळे उघडे.

फॉर्मवर पुढचा प्रश्न दातांचा होता.
दुपारचे दोन, पडदे ओढलेले,
खिडकीच्या फळीवर तीन कप, तिन्हींवर साय.
केरेन्झा हसत होती
पासपोर्टच्या फोटोआधी हसू पुसतात ना,
त्याच्या नेमकं उलट,
प्रश्न आला की लावत होती.

मॉर्वेनाने कसं विचारलं असतं?
ती विचारायचीच नाही.
घरात जे काही पडलेलं असेल
त्याच्या घड्या घालायला घ्यायची.
मी खुर्चीवरच्या ढिगातून एक मोजा उचलला,
त्याचा जोडीदार शोधू लागले.
तिसऱ्या जोडीला ती बोलली,
मोज्यांकडेच बघत:
"रात्री त्याचे श्वास मोजत बसते.
मोजायची थांबले तर
तो थांबेल, असं वाटतं."

जागो ठोकळा चावत होता.
मी म्हटलं, किती दिवस?
ती म्हणाली, कितवा महिना आहे हा?

नियम असा, की असं काही ऐकलं तर वर कळवायचं.
तिला सांगून, गाडीत बसून, कळवलं.
ड्यूटीवरची हेल्थ व्हिजिटर चार गावांत मिळून एक.
एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाने
माझ्या संयमाचे आभार मानले सहा वेळा.
काचेवर धुकं धरलं. तेविसाव्या मिनिटाला
एक दमलेला, चांगला आवाज म्हणाला,
आज संध्याकाळी डॉक्टरांना बोलायला लावते,
तू ओळखलंस ते बरं केलंस.
बरं वाटलं. मग रागही आला,
ह्या शाबासकीत कुणाची तरी बचत होती.

निघताना केरेन्झाने दारात विचारलं होतं,
"तुम्हीच ना आता आमच्या हेल्थ व्हिजिटर?"
'नाही' म्हणायला शिकवलंय आम्हाला,
'मी टीममधली आहे' असं म्हणायचं.
मी म्हटलं, गुरुवारी येते.

तिच्या लाल वहीत सही केली तेव्हा
सहीखाली हुद्द्याचा रकाना, बोटभर.
माझं पदनाम त्यात मावत नाही,
श्रेणीचा आकडा तर नाहीच नाही.
नुसतं लिहिलं: लोवेना पास्को.

रात्री पेटीतले ठोकळे मोजले.
एक कमी, पिवळा.
हरवलेल्या वस्तूंचा वेगळा कागद असतो;
त्यावर वस्तू लिहिली, रंग लिहिला.
कारण लिहायचं राहू दिलं.